व्यसनमुक्ती केंद्रात माणूस ठेवायच्या आधी तिथला स्टाफ कसा तपासायचा

केंद्र बघायला गेलेल्या घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किती दिवस ठेवावं लागंल, महिन्याचे किती घेता, जेवायला काय, भेटायला कधी येऊ द्याल. खोल्या बघतात, संडास-बाथरूम बघतात, गेटला कुलूप आहे ना ते बघतात आणि ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. आत गोळ्या कोण ठरवणार, रात्री पेशंटजवळ कोण असणार, त्याचं शिक्षण काय, हे फार कमी लोक विचारतात, कारण तोपर्यंत घर पार थकलेलं असतं आणि कुणीतरी एकदाचं ह्याला सांभाळतंय ह्यातच सगळं आलं असं वाटतं. समजू शकतो. पण सोयाबीनचं बियाणं घेताना आपण पिशवीवरचा टॅग वाचतो, लॉट नंबर बघतो, पक्की पावती मागून जपून ठेवतो, आणि इथं तर घरचा माणूस ठेवायलोत. माझं मेडिकल आहे, केंद्रांच्या चिठ्ठ्या काउंटरवर येतात, त्यामुळं कुठली चिठ्ठी डॉक्टरनं लिहिली आणि कुठली नुसती लेटरहेडवर उतरवली हे थोडंफार कळतं, त्याच अनुभवावर लिहितोय.

आधी धोका नेमका कधी असतो ते समजून घ्या, म्हणजे कुणाला काय विचारायचं ते आपोआप कळतं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की पहिल्या दिवशीच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मधी काही जणांना डिलिरियम होतो, म्हणजे भिंतीवर किडे दिसतात, मेलेल्या माणसाशी बोलतात, अंथरूण चाचपत बसतात, ताप चढतो, नाडी पळायला लागते. आपल्याकडं लोक म्हणतात बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नसतं, मेंदूला दारूची सवय झालेली असते ती अचानक तुटते, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर माणूस दगावतो. म्हणून माझ्या लेखी केंद्राचा खरा स्टाफ म्हणजे तिसऱ्या रात्री दोन वाजता तिथं हजर असणारा माणूस, दिवसा ऑफिसात टाय लावून बसलेला नाही.

छत्रपती संभाजीनगरकडं बटनचं प्रमाण बरंच आहे, म्हणजे नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या. त्या रोज खाणाऱ्याच्या एका झटक्यात बंद केल्या तरी फिट येऊ शकते, त्या डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू कमी कराव्या लागतात. केंद्रवाला छाती काढून म्हणाला की "आमच्याकडं आलं की पहिल्या दिवसापासून सगळं बंद म्हणजे बंद, एक गोळी नाही देत", तर ते ऐकायला लई भारी वाटतं, पण त्याचा अर्थ तिथं जाणकार माणूस नाही एवढाच आहे.

आता भिंतीवरचे कागद. ऑफिसात फ्रेम केलेली पाच-सात सर्टिफिकिटं असतातच. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी, शॉप ॲक्ट, उद्यम, आयएसओ, ८०जी, नीती आयोगाचं दर्पण, कुठल्यातरी पुढाऱ्याच्या हातून पुरस्कार घेतानाचा फोटो. सगळं खरं असंल, पण ह्यातल्या एकाचाही उपचाराशी संबंध नाही, ट्रस्टची नोंदणी तर वाचनालयाला पण मिळते. तुम्ही मागायचा कागद म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणानं दिलेली नोंदणी. दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक त्रास ह्या कायद्यानं मानसिक आजारातच धरलेत, त्यामुळं पेशंट ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला ही नोंदणी लागते. ती नसताना केंद्र चालवलं तर पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार दंड, दुसऱ्यांदा २ लाखांपर्यंत, त्यापुढं ५ लाखांपर्यंत, आणि अशा बिननोंदणीच्या ठिकाणी माहीत असून काम करणाऱ्या स्टाफला सुद्धा २५ हजारांपर्यंत दंड आहे. कागदावरचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. पत्ता शहरातल्या ऑफिसचा आणि पेशंट ठेवलेत गावाबाहेरच्या शेडमधी, असं असंल तर विचारा. "अर्ज केलाय, येईलच" असं म्हणाले तर अर्जाची पोच दाखवा म्हणायचं. लाजायचं कशाला त्यात.

मग डॉक्टर. बोर्डावर डॉ. लिहिलंय एवढ्यावर काहीच ठरत नाही, डॉ. बीएएमएस पण असतो, बीएचएमएस पण असतो, मराठी साहित्यात पीएचडी केलेला पण असतो. व्यसनाच्या उपचाराला पाहिजे तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे नावापुढं एमडी सायकॅट्री, डीएनबी सायकॅट्री किंवा डीपीएम. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचा नोंदणी नंबर चिठ्ठीवर छापलेला असायलाच पाहिजे. तो नंबर नाहीतर नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर टाकून बघा, मोबाईलवर होतं, पैसे लागत नाहीत. तिथं फक्त एमबीबीएस दिसतंय का पुढची पदवी पण नोंदवलेली आहे ते बघा, कारण "सायकॅट्रीचा अनुभव आहे" आणि "सायकॅट्रीची पदवी आहे" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही झालंय का दिसंल. नंबर विचारल्यावर कुणी चिडलं तर तिथंच उठायचं, मी तर चहा पण घेणार नाही.

बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर मुक्कामी असणं वाईट नाही हं, उलट रात्री नाडी-बीपी बघायला कुणीतरी डॉक्टर आहे हे चांगलंच. आयुर्वेदात मानसरोगात आणि होमिओपॅथीत सायकॅट्रीत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना कायदा मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतोच. पण डिटॉक्सच्या, म्हणजे नशा बंद केल्यावरचा सुरुवातीचा त्रास आवरायच्या, गोळ्यांचा डोस कुणी ठरवला आणि चिठ्ठीवर सही कुणाची, हे सरळ विचारा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साईड ह्या गोळ्या शेड्युल एच-वनमधी येतात, आम्हाला विकताना रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे लिहून ठेवावं लागतं. म्हणजे सरळ मार्गानं आलेल्या गोळीमागं कुठंतरी डॉक्टरची चिठ्ठी असतेच. पेशंटला डब्यातून सुट्ट्या, बिननावाच्या गोळ्या देतात आणि चिठ्ठी मागितली की "ते आमच्या फाईलला आहे" म्हणून टाळतात, तर गडबड आहे.

ह्याच्यापुढची पायरी बहुतेक लोक करतच नाहीत आणि खरं तर तीच सगळ्यात कामाची. बोर्डावर ज्या सायकॅट्रिस्टचं नाव आहे त्याचं स्वतःचं हॉस्पिटल कुठंतरी असतंच, तिथं फोन लावा. "नमस्कार, अमुक गावच्या केंद्रात आमचा पेशंट ठेवायचाय, डॉक्टरसाहेब तिकडं कोणत्या वारी असतात?" एवढंच. रिसेप्शनवरची बाई "बुधवारी आणि शनिवारी दुपारनंतर" म्हणाली तर झालं. "कोणतं केंद्र? सर तिकडं जाणं बंद होऊन लई दिवस झाले की" असं म्हणाली तर तुमचा सगळा हिशोब दोन मिनटात झाला.

आपल्या भागात सायकॅट्रिस्ट आधीच कमी, त्यात बरेचसे संभाजीनगर, नांदेड, लातूरला, तालुक्याच्या गावी पूर्णवेळ मिळणं अवघडच, म्हणून व्हिजिटवर येणारा डॉक्टर हा काही दोष नाही. फक्त हे पक्कं करा की आठवड्यातून किती वेळा येतात, नवीन पेशंटला ॲडमिट केल्यावर किती वेळात बघतात, रात्री फोन उचलतात का, ते नसले तर कोण, आणि फिट आली तर नेणार कुठं. शेवटच्या प्रश्नाला हॉस्पिटलचं नाव, गाडी कुणाची, ड्रायव्हर रात्री असतो का, अशी रोखठोक उत्तरं आली पाहिजेत. "तसं काही होत नाही आमच्याकडं" हे उत्तर नाही.

अजून एक साधा प्रश्न आहे ज्यानं सिस्टर आणि मुक्कामी डॉक्टर किती पाण्यात आहेत ते कळतं. विचारा, "दारूच्या पेशंटला सलाईन लावायच्या आधी बी-वनचं इंजेक्शन देता का?" बरीच वर्षं पिऊन पिऊन आणि न जेवून अंगातलं थायमिन, म्हणजे बी-वन, संपलेलं असतं, तशात आधी ग्लुकोज सोडलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे काम रोज करणारा माणूस लगेच हो म्हणून दोन वाक्यात कारण सांगतो. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

सिस्टरचं म्हणाल तर जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. एएनएम असल्या तरी त्यांची पण नोंदणी असते. पण शिक्षणापेक्षा शिफ्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी सिस्टर सकाळी येऊन संध्याकाळी पाचला घरी जातात आणि रात्रीचं इंजेक्शन वॉर्डबॉय देतो. ड्युटी चार्ट भिंतीवर असतो, त्याच्यात रात्रीच्या खान्यात कुणाचं नाव आहे ते वाचा आणि जमलं तर एकदा रात्री दहाच्या पुढं केंद्राच्या नंबरवर फोन करून "सिस्टरला द्या जरा" म्हणून बघा.

सायकॉलॉजिस्टच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, तिला सीआरआर नंबर म्हणतात, आणि त्यासाठी सहसा क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलेलं असतं. नुसतं एमए सायकॉलॉजी केलेला मुलगा-मुलगी चांगलं समुपदेशन करू शकतात, पण त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावायची नाही. सीआरआर नंबर आरसीआयच्या साईटवर तपासता येतो. सोशल वर्करला एमएसडब्ल्यू, आणि सायकॅट्रिक सोशल वर्कर म्हणत असले तर त्यावर एम.फिल.

कौन्सेलरला मात्र डॉक्टरसारखं असं एकच कौन्सिल नाही की नंबर टाकला आणि निघालं, त्यामुळं कुणीही तीन दिवसांचा ऑनलाईन कोर्स करून कौन्सेलर होतो. इथं तोंडीच विचारावं लागतं. शिक्षण कुठं झालं, व्यसनावरचं ट्रेनिंग कुठं घेतलं, एका कौन्सेलरकडं किती पेशंट, आठवड्यात माझ्या माणसाशी एकट्यानं किती वेळ बोलणार, घरच्यांसोबत बसणार का, आणि त्या कौन्सेलरला अडलं तर तो कुणाला विचारतो. घरच्यांसोबत बसणार का ह्याला मी जास्त मार्क देतो. एकत्र कुटुंबात बाप-भाऊ-बायको तिघं तीन तोंडं करून बोलत असतात, कुणी चोरून पैसे देतं, कुणी टोमणे मारतं, ते सगळं तसंच ठेवून पेशंट एकटाच सुधारून आला तर त्याचा टिकाव लागायचा नाही.

आता स्वतः पिणं सोडलेले कौन्सेलर. ह्यावर लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, हा तर कालचा बेवडा, हा काय शिकवणार. दुसरा म्हणतो, डॉक्टरला काय कळतंय, ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. माझं मत असं की अशी माणसं केंद्रात असलीच पाहिजेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, आपल्याकडून किती लोक तिकडं जातात, तिथं व्यसनातून बाहेर आलेल्यांनी दुसऱ्यांना आधार द्यायची पद्धत जुनी आहे, आणि एएचं, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या गटाचं, सगळं काम तर त्याच्यावरच उभं आहे. नवीन पेशंट डॉक्टरशी खोटं बोलतो, पण ह्यांच्याशी बोलताना त्याला माहीत असतं की ह्याला सगळ्या ट्रिका ठाऊक आहेत. फक्त त्याला सोडून किती वर्षं झाली, त्यानंतर ट्रेनिंग घेतलं का, आणि तो गोळ्या-इंजेक्शनात हात घालतो का, हे तीन बघा. मागच्या महिन्यात डिस्चार्ज झालेला पेशंट ह्या महिन्यात फी माफ म्हणून "मॉनिटर" झालाय आणि किल्ल्या त्याच्या कंबरेला, असं असंल तर ते केंद्राचं पगार वाचवणं आहे, समुपदेशन नाही.

आतला भाग दाखवा म्हणा, पेशंटची खासगी गोष्ट सांभाळून लांबून का होईना. सगळ्यांची टक्कल केलेली दिसली तर शिस्त आहे म्हणून खुश होऊ नका, कायद्यानं जबरदस्तीनं केस काढता येत नाहीत. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे, एकट्याला कोंडून ठेवायला बंदी आहे. अगदी जिवावरचा प्रसंग असला तर थोडा वेळ धरून-बांधून ठेवता येतं, पण ते सायकॅट्रिस्टनं ठरवायचं आणि कारणासकट लिहून ठेवायचं, वॉर्डबॉयनं नाही. पेशंटकडून बिनपैशाची सक्तीची कामं पण करून घेता येत नाहीत. हे सगळं मी स्टाफच्या तपासणीत धरतो, कारण शिकलेला स्टाफ कमी पडला की त्याची जागा काठी आणि कुलूप घेतं.

रात्री चार पोरं पाठवून पेशंट उचलून नेणारी गाडी हा प्रकार आपल्याकडं सर्रास चालतो, घरचेच फोन करून बोलावतात. त्या पोरांचं शिक्षण काय, हे विचारायची कुणाची छाती नाही होत. पेशंट तयार नसताना ॲडमिट करायचं असंल तर कायद्यात वेगळी पद्धत आहे. त्यानं नेमलेल्या किंवा कायद्यानं ठरणाऱ्या प्रतिनिधीनं अर्ज करायचा, आणि ॲडमिशनच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत एक सायकॅट्रिस्ट आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक नाहीतर डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे. तेही ३० दिवसांपर्यंत, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. म्हणजे भावाची सही आणि बोलेरो एवढ्यावर होत नाही. गाडीवाला आला तर "आधी डॉक्टर कोण बघणार आणि कुठं" हे विचारा. बसवून नेताना माणूस नशेत पालथा पडून श्वास कोंडला तर जबाबदार कोण?

"पेशंटला न सांगता चहातून द्यायचं औषध" विकणाऱ्या केंद्राचा तर विचारच सोडा. त्यात बऱ्याचदा काय असतं सांगता येत नाही, आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, असलं तर माणूस वरून प्याला की बीपी खाली जाऊन जिवावर बेततं, म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायचं असतं. कुठलाही खरा सायकॅट्रिस्ट ते चोरून द्यायला सांगणार नाही. मग तिथं कोण बसलंय हे वेगळं तपासायला नको.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर मी सरकारी ओपीडी सांगीन. संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरचं मेडिकल कॉलेज, तिथं मनोविकार विभाग आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. रांग असते, केसपेपर काढायला वैताग येतो, सगळं खरं. पण तिथं बसलेल्या डॉक्टरची पदवी तपासायची गरज नसते, डिटॉक्सचा धोक्याचा आठवडा तिथं निघाला तर पुढं केंद्रात ठेवणं बरंच सोपं जातं, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याच डॉक्टरला हळूच विचारता येतं की साहेब ह्या भागातलं कुठलं केंद्र धड आहे. केंद्रांतून बिघडून आलेले पेशंट शेवटी त्यांच्याच दारात येतात, त्यांना सगळं माहीत असतं. फोनवर माहिती पाहिजे असंल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय नंबर १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावरची केंद्रं पण आहेत, आयआरसीए म्हणतात त्यांना, तिथं कौन्सेलर किती, नर्स किती, डॉक्टर कसा, हे नियमात ठरलेलं असतं. तरी तिथं पण वरचे प्रश्न विचाराच, मंजूर पद आणि भरलेलं पद ह्यातला फरक आपल्याला झेडपीच्या शाळेपासून माहिती आहे.

बाई पेशंट असंल तर रात्री बाई स्टाफ आहे का आणि वॉर्ड वेगळा आहे का, हे पहिल्यांदा. त्याचं समाधान नाही झालं तर पुढं काही विचारायची गरजच नाही.

ॲडमिट केल्यावर तपासणी संपत नाही. पहिल्या भेटीत तुमच्या माणसाचा चार्ट मागा, आपले कागद बघायचा हक्क पेशंटला कायद्यानं आहे. बीपी, नाडी, गोळ्यांच्या वेळा, खाली सही. दहा दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच अक्षरात, रोज आठ-दोन-आठ अशा ठोक वेळेला आणि बीपी रोज १२०-८०, असं दिसलं तर तो चार्ट तुम्ही गेटवर आल्यावर भरलाय. खरा चार्ट घाणेरडा असतो, खाडाखोड, वेगवेगळ्या सह्या, मधीच "झोप नाही, डॉ.ना फोन केला" असं काहीतरी. दुसऱ्याच्या पेशंटची फाईल मात्र मागू नका, आणि कुणी न मागता दाखवली तर तुमची पण उद्या अशीच दाखवणार.

काही खटकलं, भेटू देत नाहीत, मारल्याचे वळ दिसतायत, तर पुनरावलोकन मंडळाकडं अर्ज करता येतो, फी लागत नाही. मंडळाचा पत्ता आणि फोन केंद्रात दिसंल असा लावलेला असला पाहिजे, तो पहिल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, भांडण झाल्यावर आत जाऊन काढता येत नाही. आणि डिस्चार्जच्या दिवशी घाईत निघू नका. डिस्चार्ज कार्डवर निदान काय, कोणत्या गोळ्या किती दिवस आणि कशा कमी करायच्या, पुढची तारीख, सायकॅट्रिस्टची सही आणि नोंदणी नंबर, हे सगळं असल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका, कारण त्या कागदाशिवाय गावातल्या आमच्यासारख्या मेडिकलवाल्याला पुढच्या गोळ्या देताच येत नाहीत.